तळवा आधी, तोंड नंतर: दक्षिण अमेरिकेतला पाणउंदीर कसा ओळखायचा

मेलेला उंदीर समोर आला की बहुतेकांची नजर आधी तोंडाकडे जाते. तोंड राहू द्या. मागचा पाय उलटा करा आणि तळवा बघा. दक्षिण अमेरिकेतला पाणउंदीर ओळखायचा तर निम्मं काम त्या दोन इंचांच्या तळव्यावर होतं. उरलेलं काम नकाशा, शेपूट आणि दाढा करतात. रंगाचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ओला तपकिरी उंदीर हा ओल्या तपकिरी उंदरासारखाच दिसतो, मग तो साओ पाउलोचा असो की सातपुड्याचा.

हा लेख मुख्यतः 'नेक्टोमिस' या प्रजातीबद्दल (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाबद्दल, जीनसबद्दल) आहे, आणि त्यातही 'नेक्टोमिस स्क्वामिपेस' या जातीबद्दल (स्पीशीजबद्दल). जात प्राणिशास्त्रज्ञ ब्रँट्सने १८२७ मध्ये नोंदवली, प्रजातीचं नाव प्राणिशास्त्रज्ञ पीटर्सने १८६१ मध्ये दिलं. नावं अगदी कामाची आहेत. नेक्टोमिस म्हणजे पोहणारा उंदीर आणि स्क्वामिपेस म्हणजे खवलेदार पायाचा. ओळखीची सगळ्यात मोठी खूण नावातच सांगून ठेवलेली आहे.

नावाचा घोळ आधी मिटवू

'पाणउंदीर' हा शब्द जगभर ढिलाईने वापरला जातो. ऑस्ट्रेलियाचा राकाली वेगळा, युरोपच्या ओढ्यांतला गुबगुबीत व्होल वेगळा. यांपैकी कुणीही नेक्टोमिसचा जवळचा नातलग नाही. खुद्द दक्षिण अमेरिकेतही गोंधळ कमी नाही. ब्राझीलमध्ये 'रातो दाग्वा' म्हटलं की नेक्टोमिस असू शकतो, दलदलीतला होलोचिलसही असू शकतो. (रिओकडची माणसं त्याला 'हातु दाग्वा' म्हणतात, सुरुवातीच्या 'र'चा तिथे 'ह' होतो. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल.) अर्जेंटिनात होलोचिलसला 'राता नूत्रिया' म्हणतात. नुसतं 'नूत्रिया' म्हटलं तर तिथे कॉयपू, म्हणजे पाण्याकाठचा कित्येक किलोंचा कुरतडणारा प्राणी, समजतात, आणि स्पेनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ पाणमांजर होतो. म्हणून स्थानिक नाव वहीत जरूर लिहा, पण त्यावरून जात ठरवू नका.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारेल. रिओ दि जानेरो राज्यात सुमिदोरो नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथल्या ओढ्यांतल्या पाणउंदरांमध्ये 'शिस्टोसोमा मॅन्सोनी' हा रक्तात राहणारा कृमी नैसर्गिकरीत्या सापडतो. माणसाला होणाऱ्या बिल्हार्झिया रोगाचा हाच जंतू. म्हणजे गावात औषधोपचार झाले तरी ओढ्यातला उंदीर आणि गोगलगाय मिळून कृमीचं चक्र चालू ठेवू शकतात. तिथे 'कुठलातरी उंदीर' ही नोंद चालत नाही. आपल्याकडे हा रोग परका वाटतो, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये लघवीवाटे रक्त जाणारा बिल्हार्झिया नोंदवला गेला होता. तिथला कृमी आणि गोगलगाय दोन्ही निराळी, उंदराचा संबंध नाही, तरी गिमवीचं नाव भारतातल्या परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत कायमचं बसलं.

पायरी पहिली: उंदीर बघण्याआधी नकाशा बघा

कुठल्या नदीच्या खोऱ्यात प्राणी मिळाला, यावर अर्ध्या शक्यता आपोआप गळतात.

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतचं अटलांटिक जंगल, पेर्नाम्बुकोपासून रिओ ग्रांदे दो सुलपर्यंत, शिवाय पूर्व पॅराग्वे आणि अर्जेंटिनाचा मिसिओनेस प्रांत: इथे स्क्वामिपेस. अॅमेझॉन, सेर्रादोचा माळ, पांतानालची दलदल: इथे 'नेक्टोमिस रॅटस'. अँडीजच्या पूर्व पायथ्याशी इक्वेडोर, पेरू, बोलिव्हियाकडे 'एपिकॅलिस'. त्रिनिदाद आणि लगतच्या व्हेनेझुएलात 'पामिपेस'. कोलंबियाच्या खोऱ्यांत आणखी जाती आहेत.

नकाशा पुरावा नसतो, शंका कुठे घ्यायची तेवढं सांगतो. ब्राझीलच्या मध्यभागी जिथे सेर्रादो आणि अटलांटिक जंगल एकमेकांत घुसतात, तिथे नकाशाच गप्प बसतो. त्याकडे शेवटी येऊ.

जागेबरोबर पाण्याचा प्रकारही लिहा. सावलीतला वाहता ओढा, काठावर मुळं आणि पडलेले ओंडके ही नेक्टोमिसची जागा. उघडी दलदल, भातशेती, उसाचे मळे, उंच गवत ही होलोचिलसची. अँडीजच्या थंड, खळाळत्या झऱ्यात खेकडे आणि किड्यांच्या अळ्या पकडणारा उंदीर दिसला तर तो बहुधा या दोघांतला नसतोच, इक्थिओमिसच्या गटातला असतो.

पायरी दुसरी: जे पाणउंदीर नाहीत ते बाहेर काढा

कॉयपूचं पिल्लू इथे सगळ्यात जास्त फसवतं. मीही फसलोय. मित्राने पाठवलेल्या फोटोत काठावर बसलेला तपकिरी प्राणी होता, शेजारी ना काडेपेटी ना चप्पल. मी ठोकून दिलं, नेक्टोमिस. दुसऱ्या फोटोत त्याची आई होती, सात-आठ किलोची. कॉयपूचं पिल्लू जन्मतःच साधारण सव्वादोनशे ग्रॅमचं असतं, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन येतं. म्हणजे वजनाने ते प्रौढ पाणउंदराएवढंच भरतं. त्याचा मागचा पाय बघा. पहिल्या चार बोटांत पडदा असतो, पाचवं बोट मोकळं. तोंडाभोवती पांढुरकेपणा, मिशा पांढऱ्या आणि जाड. नारिंगी दात बघून मात्र निर्णय घेऊ नका, पिवळट-नारिंगी पटाशी अनेक उंदरांना असते.

पाण्यातला पिशवीवाला ओपोसम करड्या अंगावरच्या रुंद काळ्या पट्ट्यांवरून लगेच कळतो. मागच्या पायाचा अंगठा वेगळा वळलेला दिसला तर प्राणी कृंतक, म्हणजे उंदरांसारखा कुरतडणारा, नाहीच.

राहिला आपला ओळखीचा गटारातला उंदीर, 'रॅटस नॉर्व्हेजिकस'. तो जहाजांतून तिकडेही पोचला आहे आणि ओढ्याकाठी सर्रास दिसतो, पोहतोही छान. त्याचं शेपूट जाड आणि डोके-धडापेक्षा आखूड, बोटांत पडदा नाही, तळव्याच्या कडेला केसांची झालर नाही. घरातला काळा उंदीर लांब शेपटाचा असतो खरा, पण त्याचे कान मोठे, पातळ आणि पाय चिंचोळे. दोघांबद्दल शंका उरली तर दाढा बघाव्या लागतात, ते पुढे.

पायरी तिसरी: मोजा, पण नीट

हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. दक्षिण अमेरिकेतले अनेक रानउंदीर हांताविषाणू बाळगतात, आणि लघवी-लेंडीची वाळलेली धूळ श्वासातून गेली तरी माणूस आजारी पडतो. ब्राझीलमध्ये प्राणी पकडायला किंवा नमुना ठेवायला सरकारी परवाना लागतो, सिसबियो या यंत्रणेतून तो मिळतो. परवाना नसेल तर फोटो आणि मोजपट्टी एवढ्यावर भागवा.

पाच मापं घ्यायची: डोके-धड, शेपूट, मागचा पाय, कान, वजन. शेपूट मोजताना ते पाठीशी काटकोनात वाकवा आणि शेवटच्या मणक्याच्या टोकापर्यंत मोजा, टोकाचे केस धरू नका. मागचा पाय टाचेपासून सगळ्यात लांब बोटाच्या टोकापर्यंत. नख धरून की न धरता, हे लिहायलाच हवं, कारण देशोदेशीच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक इथे जात बदलू शकतो. कान खालच्या खाचेपासून वरच्या कडेपर्यंत.

प्रौढ स्क्वामिपेसचं डोके-धड १६ ते २५ सेंटिमीटर, शेपूट तेवढंच किंवा किंचित लांब, वजन १६० ते ४२० ग्रॅम. मागचा पाय साधारण ४५ ते ५५ मिलिमीटर. आपल्या घुशीपेक्षा लहान, घरातल्या उंदरापेक्षा बराच मोठा, अशी कल्पना करा. पाय मात्र अंगाच्या मानाने मोठा वाटतो, जणू थोरल्या भावाचे बूट घातलेत.

पाय ५८ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि तुम्ही उरुग्वे किंवा रिओ ग्रांदे दो सुलमध्ये असाल तर थांबा. तो 'लुंडोमिस' असू शकतो. त्याचा पाय ५८ ते ६८ मिलिमीटर भरतो आणि शेपूट डोके-धडापेक्षा स्पष्ट लांब असतं. या उंदराची हकिगत मजेची आहे. मिनास जेराइसमधल्या लागोआ सांताच्या गुहांतल्या हाडांवरून १८८७ मध्ये त्याला नाव मिळालं. जिवंत उंदीर दक्षिणेकडे होताच, पण त्याची वेगळी प्रजाती व्हायला १९९३ उजाडलं.

पायरी चौथी: तळवा

इथे घाई नको. पाय ओल्या कापसाने पुसा, चिखल पूर्ण काढा, बोटं हलकेच फाकवा आणि दहापट भिंग घ्या. तीन गोष्टी एकामागून एक बघायच्या.

पहिली, खवले. बोटांच्या मागे तळव्यावर बारीक बारीक दाणेदार खवले दिसतात, फणसाच्या सालीची अगदी छोटी आवृत्ती म्हणा. ते टाचेकडे विरळ होतात आणि टाच गुळगुळीत राहते. स्क्वामिपेस नाव यावरूनच आलं.

दुसरी, पडदा. इथे बहुतेकांची फसगत होते. पाणउंदीर म्हटल्यावर बदकासारखा पडदा डोळ्यांपुढे येतो, आणि तो दिसला नाही की माणूस 'हा पाणउंदीर नाही' म्हणून मोकळा होतो. नेक्टोमिसमध्ये पडदा लहान असतो, बोटांच्या बुडाशीच. होलोचिलसमध्ये तो जास्त पुढे येतो, मधल्या बोटांच्या पहिल्या सांध्यापर्यंत. लुंडोमिसमध्येही मोठा. थोडक्यात, पडदा जितका ठळक तितकी नेक्टोमिसची शक्यता कमी. पेरूच्या लोरेतो भागात 'अँफिनेक्टोमिस' नावाचा एक दुर्मीळ भाऊबंद आहे, त्याची नोंद १९९४ मधली. दिसायला नेक्टोमिससारखा, पडदा मात्र त्याच्याहून मोठा.

तिसरी, झालर. तळव्याच्या कडेने ताठ केसांची रांग असते. पोहताना पाय मागे ढकलला की ती पसरते, पुढे ओढला की मिटते. कोरड्या पायावर ती तळव्याला चिकटून बसते आणि नसल्यासारखी वाटते. पाय पाण्यात बुडवून बघा, झालर उभी राहते. इक्थिओमिसच्या गटात ही झालर फार ठळक असते.

आता संग्रहालयातल्या कातड्यांबद्दल. वाळलेल्या कातडीत पडदा आक्रसून बोटांच्या मधे सुतळीसारखा गोळा होतो. खवले एकमेकांवर चढतात, झालर तुटलेली असते. त्यामुळे खोक्यातल्या कातडीवरून 'पडदा नाही' असं लिहिलेली लेबलं सरसकट खरी मानू नयेत. स्पिरिटमध्ये ठेवलेला एक नमुना मिळाला तर तो दहा सुक्या कातड्यांना भारी पडतो.

तळवा बघताना पुढच्या पायाची नखंही बघून घ्या. पुढची नखं लांब, माती उकरायच्या कामाची, आणि मागच्या पायात पडदा नाही, असं जमलं आणि जागा पाराना नदीचा त्रिभुज प्रदेश, उरुग्वे किंवा त्याच्या आसपासची असेल, तर तो 'स्काप्टेरोमिस' असण्याची दाट शक्यता. तोही दलदलीत राहतो आणि पोहतो, पण त्याचा गट वेगळा.

पायरी पाचवी: शेपूट, मग केस

शेपटाची खालची बाजू बघा. नेक्टोमिसमध्ये खालच्या रेषेवर केस जरा लांब होतात आणि टोकाकडे होडीच्या तळकाठीसारखी बारीक धार तयार होते. वरून खवल्यांच्या कड्या दिसतात, रंग वर-खाली जवळपास सारखाच गडद. ही धार ठळक असेल तर कौल नेक्टोमिसकडे. म्हाताऱ्या किंवा पिंजऱ्यात घासटलेल्या उंदरात ती झडलेली असते, म्हणून धार नाही यावरून उंदीर बाद करू नका.

केस दोन थरांचे असतात. आत दाट, मऊ, पाणी आत न शिरू देणारी लव आणि वर चकचकीत लांब केस. पाठ गडद तपकिरी, बाजू फिकट, पोट करडट-पांढरं ते पिवळसर. होलोचिलसच्या बाजू बऱ्याचदा जास्त पिवळ्या-तांबूस असतात. पण रंगाचा मान इथे शेवटचाच.

कान लहान असले तरी स्पष्ट दिसायला हवेत. कानाची पाळी केसांत हरवली असेल, वरचा ओठ फुगीर आणि मिशा दाट, राठ असतील तर नजर पुन्हा अँडीजकडे वळवा. इक्वेडोरच्या 'अॅनोटोमिस'ला तर बाहेरून कान दिसतच नाही.

पायरी सहावी: दाढा

जिवंत उंदराचं तोंड उघडायच्या फंदात पडू नका. ही पायरी कवटीसाठी आणि घुबडाच्या उलटीतल्या जबड्यांसाठी. गव्हाणी घुबडाच्या घरट्याखाली केसांचे आणि हाडांचे गोळे साचतात, आणि दक्षिण अमेरिकेतल्या लहान सस्तन प्राण्यांबद्दलची बरीच माहिती अशा गोळ्यांतूनच आली आहे.

वरची पहिली दाढ भिंगाखाली धरा. उंचवट्यांच्या उभ्या रांगा मोजा. तीन रांगा दिसल्या तर तो गटारातल्या किंवा घरातल्या उंदराच्या 'रॅटस' प्रजातीतला, विषय संपला. दोन रांगा म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या मूळच्या उंदरांच्या घराण्यातला. आता दाढेच्या मध्यावर बाहेरच्या बाजूकडे जाणारी छोटी आडवी कड शोधा. नेक्टोमिसमध्ये ती असते आणि दाढ बुटकी, उंचवट्यांची असते, कारण फळं, बिया, बुरशी, किडे, बेडकांची पिल्लं असं तो मिळेल ते खातो. होलोचिलसमध्ये ती कड नसते किंवा नाममात्र असते, दाढ उंच आणि माथा सपाट, नागमोडी कापलेला. गवताचे आणि उसाचे कोंब कापायला तशीच दाढ लागते.

म्हाताऱ्या उंदराच्या दाढा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. तिथे मधली कड दिसत नाही म्हणून लगेच होलोचिलस लिहू नका, दाढेची उंची बघा. होलोचिलसमध्ये डोळ्याच्या पुढच्या बाजूला गालाच्या हाडाची पट्टीही काट्यासारखी पुढे आलेली असते, ती झिजत नाही.

पायरी सातवी: इथे डोळे थकतात

प्रजाती ठरली, नेक्टोमिस. आता जात कुठली, नेक्टोमिस स्क्वामिपेस की नेक्टोमिस रॅटस?

बाहेरून बघून सांगता येत नाही. वय वाढतं तशी कवटीची मापं बदलतात, खोऱ्याखोऱ्यात रंग बदलतो आणि दोन्ही जातींची मापं एकमेकांवर पडतात. १९४४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ फिलिप हर्शकोविट्झने ढिगाने नमुने तपासून यांतले बहुतेक उंदीर स्क्वामिपेस या एकाच जातीत घातले होते. आज ते चुकीचं ठरलं असलं तरी त्याचं काय चुकलं हे नुसत्या कातड्या बघून आजही कुणाला दाखवता येणार नाही. गुणसूत्रं मोजायला लागल्यावर चित्र बदललं. स्क्वामिपेसची मूळ संख्या ५६, रॅटसची ५२. दोघांतही काही प्राण्यांना एक-दोन जादा गुणसूत्रं सापडतात, म्हणून ५७ किंवा ५३ आले तरी दचकायचं नाही. एपिकॅलिसमध्ये ३८ ते ४२, आणि त्रिनिदादच्या पामिपेसमध्ये केवळ १६ किंवा १७. बाहेरून एकसारखे दिसणाऱ्या उंदरांच्या पोटात एवढा फरक.

म्हणून गुणसूत्रं किंवा डीएनए हाती नसेल तर नोंद जागेच्या आधारावर आणि 'बहुधा' लावून करायची. दोन्ही जातींच्या हद्दी जिथे भिडतात, तिथे 'बहुधा'ही लावू नये. प्रजातीवर थांबावं.

एक नमुना, सुरुवातीपासून

समजा रिओ राज्यातल्या ओढ्याकाठी, पाण्यापासून दोन मीटरवर, केळ्याच्या बागेजवळ मेलेला उंदीर मिळाला. डोके-धड २०५ मिमी, शेपूट २१८, मागचा पाय नखासह ५१, कान २१, वजन २६०.

जागा अटलांटिक जंगलाची, त्यामुळे मनात स्क्वामिपेस. शेपूट डोके-धडापेक्षा लांब, गटारातला उंदीर बाद. बोटांत लहान पडदा, पाचव्या बोटाचा वेगळेपणा नाही, म्हणून कॉयपूही बाद. पाय ५८ च्या बराच आत, आणि लुंडोमिस या अक्षांशावर आज अपेक्षितही नाही. उरला होलोचिलस, त्याचा पाय मापाने याच आसपास येतो. पडदा बुडाशीच, शेपटाखाली धार, जागा सावलीतली. दाढ बघितली, मधली कड ठसठशीत. झालं.

मग लेबल. ते पेन्सिलने किंवा स्पिरिटमध्ये न पुसणाऱ्या शाईने लिहायचं, आणि कानाचा मुगाएवढा तुकडा इथेनॉलमध्ये वेगळा ठेवायचा. माझ्या हातचं लेबल असं असेल: 'नेक्टोमिस, बहुधा स्क्वामिपेस. जागेवरून. पाय नखासह. पडदा ओल्या पायावर पाहिला. मधली कड आहे. गुणसूत्रं मोजलेली नाहीत. ऊती राखून ठेवली.'